कागदावर मराठीत लिहा : बीड जिल्ह्यातील डॉक्टरांस खुले पत्र

प्रति,
बीड जिल्ह्यातील सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन, गावोगावी दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि लॅबचालक यांस

आदरणीय डॉक्टर मंडळी,


माझ्या धाकट्या जावेनं एक कागद चौदा वर्षं सांभाळून ठेवला आहे. रेशनकार्ड, मतदान कार्ड आणि हा कागद, तिन्ही एकाच प्लास्टिकच्या पिशवीत. दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी निघते तेव्हा पत्र्याची पेटी घरीच राहते, ही पिशवी मात्र तिच्यासोबत कारखान्यावर जाते. घडीवर घडी पडून कागद मधोमध फाटला होता, तो तिनं चिकटपट्टीनं जोडला आहे. त्यावर दवाखान्याचा शिक्का आहे, मे २०११ ची तारीख आहे, तिचं नाव आहे, वय २७ असं लिहिलेलं आहे. आणि ऑपरेशन या रकान्यापुढे इंग्रजी सहा अक्षरं : टी, ए, एच, मग अधिकचं चिन्ह, मग बी, एस, ओ.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मला ती अक्षरं तेव्हाही वाचता येत होती. अर्थ विचारायचं मात्र सुचलं नाही. ‘पिशवी काढली’ एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यापलीकडे विचारण्यासारखं काही असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

अर्थ कळला तो २०२३ साली. जाऊ न्हाणीच्या दगडावरून घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. एकोणचाळिसाव्या वर्षी, एवढ्याशा घसरण्यानं. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं आणि एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, “पाळी कधी गेली?” जाऊ म्हणाली, “पिशवीच काढलीया माय, पाळी कुठून येईल?” त्यांनी कागद मागितला. वाचला, आणि तिथल्याच एका कोऱ्या पावतीच्या पाठीवर पेनानं चित्र काढून दाखवलं : मधे गर्भपिशवी, दोन बाजूंना दोन नळ्या, नळ्यांच्या टोकाला दोन अंडाशय. पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ, पोटावर चीर देऊन पूर्ण गर्भपिशवी काढली. शेवटच्या तीन अक्षरांचा अर्थ, दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयही काढले. जावेनं त्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे दोन काहून काढले? हे तर दुखत नव्हते.”

हा प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

त्याला आणखी एक प्रसंग जोडते, म्हणजे मी हे पत्र का लिहायला घेतलं ते कळेल. यंदा होळीनंतर टोळी परत आली. जावेचा नवरा, म्हणजे माझे दीर, सत्तेचाळीस वर्षांचे. थकवा, चिडचिड, वजन उतरलेलं. थोरला पुतण्या चाकणला कंपनीत आहे. त्यानं काळजीपोटी मोबाइलवरून अख्ख्या शरीराच्या तपासणीचं पॅकेज घेतलं. लॅबचा मुलगा दुपारी चार वाजता घरी येऊन रक्त घेऊन गेला. रिपोर्ट आला तो अकरा पानी, रंगीत. टेस्टोस्टेरॉन २६८, लाल अक्षरांत. त्या लॅबनं खालची मर्यादा ३०० धरलेली. एका दवाखान्यात तो दाखवला तर दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायला सांगितलं. भाऊजींनी घाबरून मला विचारलं. त्याच डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी सकाळी आठच्या आत, उपाशीपोटी पुन्हा रक्त घेतलं. टेस्टोस्टेरॉन ३७२ आलं. साखर मात्र उपाशीपोटी १८६ निघाली. आधीच्या अकरा पानांत साखरही वाढलेलीच होती, पण सगळ्यांची नजर त्या एका लाल आकड्यावर अडकली होती.

एकाच घरातली, एकाच कोयत्याची ही दोन माणसं. ज्यांना आमची बोली ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामाआधी आगाऊ पैसे, म्हणजे उचल देतो ती कोयत्याला देतो, एकेकट्याला नाही. आता या कोयत्यातल्या पुरुषाचं एक संप्रेरक वयामानानं थोडं उतरलं असेल-नसेल, तर त्याला अकरा रंगीत पानं आणि इंजेक्शन. त्याच कोयत्यातल्या बाईचं तेच संप्रेरक सत्ताविसाव्या वर्षी एका दुपारी निम्म्यावर आणलं, तर तिला न कळणारी तीन अक्षरं. मला या फरकाबद्दल बोलायचं आहे.

टेस्टोस्टेरॉन बाईच्या अंगातही असतं, हेच मला तोवर माहीत नव्हतं. शाळेत आम्ही शिकवतो ते पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन आणि बायकांचं इस्ट्रोजेन, दोन रकाने करून. खरं तसं नाही. पुरुषाच्या रक्तात ते डेसिलिटरला साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम असतं, बाईच्या रक्तात १५ ते ७०. आकडा लहान दिसतो, पण पाळीच्या बहुतेक दिवसांत बाईच्या रक्तात इस्ट्रोजेनपेक्षाही ते जास्तच भरतं. त्यातलं काही अंडाशयात तयार होतं, काही मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत, उरलेलं चरबी-कातडीत दुसऱ्या संप्रेरकांपासून. पुरुषात तिशी-चाळिशीनंतर ते वर्षाला सरासरी एक टक्का या हिशेबानं सावकाश उतरतं. बाईतही विशीपासूनच उतरू लागतं आणि चाळिशीपर्यंत विशीतल्यापेक्षा निम्म्यावर येतं. पण तेही सावकाश. नैसर्गिक पाळी गेली म्हणून त्यात एकदम खड्डा पडत नाही, कारण इस्ट्रोजेन बनवणं थांबलं तरी म्हातारे अंडाशय टेस्टोस्टेरॉन बनवतच राहतात. पाळी गेली म्हणजे अंडाशयाचं काम संपलं, हे आपल्याकडचं म्हणणं चुकीचं आहे.

खड्डा पडतो तो सुरीनं. दोन्ही अंडाशय काढले की टेस्टोस्टेरॉन एकदम निम्म्याच्या आसपास येतं आणि इस्ट्रोजेन तर जवळजवळ संपतंच. पंचवीस-तीस वर्षांत उतरायचं ते काही दिवसांत. म्हातारपण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

२०१९ साली आपल्या जिल्ह्याचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. गावंच्या गावं अशी की तिशीतल्या बाईला पिशवी नाही. आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्या. मग आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्य खात्यानं ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास सतरा. त्याच सुमारास राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचं प्रमाण शंभरात साधारण तीन होतं. जिल्ह्यात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही बिहार, राजस्थान, छत्तीसगडच्या प्रकरणात सांगितलं की विनाकारण पिशवी काढणं रोखण्यासाठीच्या केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात.

हे सगळं योग्य झालं. पण लोकांच्या तोंडी राहिला तो पिशवीचाच आकडा. अंडाशयाबद्दल आमच्या गावात मी एकाही माणसाच्या तोंडून शब्द ऐकला नाही; ना ग्रामसभेत, ना बचतगटात, ना लग्नाच्या पंगतीत. पिशवी गेल्यानं बाईची पाळी आणि बाळंतपण जातं. अंडाशय गेल्यानं तिचं वय जातं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक तुमच्याइतका चांगला कुणाला माहीत असणार?

तुमच्यातले काही जण म्हणतील, आणि माझ्या तोंडावर म्हणालेही आहेत, की बाया स्वतःच येऊन मागतात. खरं आहे. मी खोटं कशाला सांगू? फडात आडोसा नाही, पाणी नाही, पहाटे चारला ऊस तोडायला वाकायचं आणि रात्री ट्रॅक्टर आला की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं. पाळीचे चार दिवस कोपीत पडून काढले तर खाडा पडतो, आणि एका दिवसाच्या खाड्याला पाचशे रुपये कापल्याचं सर्रास ऐकायला मिळतं. अंगावरून पांढरं जात असतं, कंबर भरून येते. त्यात कुणी म्हटलं की पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल, तर बाई म्हणणारच की काढून टाका एकदाची. माझ्या जावेनंही म्हटलं होतं. उचलीतून पैसे भरले. पण डॉक्टर, तिनं पिशवी काढा म्हटलं होतं. अंडाशय काढा असं ती म्हणाली नव्हती. त्यांचं नावही तिला माहीत नव्हतं, मग संमती कशाला दिली तिनं? कोऱ्या जागेवर अंगठा दिला की बाकीचं भरायचा हक्क मिळतो, असं सावकाराच्या कागदाबाबत आपण मानत नाही. शरीराच्या कागदाबाबत का मानावं?

त्यानंतरची बारा वर्षं मी जवळून पाहिली. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांत तिच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. डिसेंबरच्या थंडीत, सांगलीकडच्या फडावर सगळी कोपी पांघरुणात, आणि ही बाहेर पाचटावर बसून पदरानं वारा घ्यायची. झोप गेली. सांधे धरले. सासूबाई म्हणायच्या, कुणाची तरी नजर लागली. दोन-तीन दवाखाने झाले, दर वेळी रक्ताची आणि कॅल्शियमची गोळी, एकदा सलाईन. कागद कुणी मागितला नाही आणि तिनं दाखवला नाही.

एक गोष्ट ती मला अकरा वर्षांनी बोलली. आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. मान वर न करता म्हणाली, “अक्का, मन मेलंय माझं. ते जवळ आले की अंगावर काटा येतो. वाईट माणूस न्हाई ओ ते. पर मलाच काई वाटत न्हाई, अन् दुखतंय.” भाऊजींना वाटायचं हिच्या मनात दुसरं काही आहे. तिला वाटायचं आपलंच काहीतरी बिघडलं, पाप लागलं. या एका गोष्टीवरून त्या घरात किती रात्री भांडणं झाली ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. दुखतं ते इस्ट्रोजेन नसल्यामुळे आलेल्या कोरडेपणानं, आणि त्याला साधं मलम आहे. इच्छा मरते त्यात टेस्टोस्टेरॉन घसरण्याचाही वाटा असतो. हे तिला कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर निदान तिनं स्वतःला दोष दिला नसता.

तुमच्या दवाखान्यात पुरुषाला हा प्रश्न विचारला जातो. संबंधाची इच्छा कशी आहे, सकाळी ताठरता येते का, हे विचारल्याशिवाय पुरुषाची तपासणी पुरी होत नाही असं आता तुम्हीच मानता, आणि ते बरोबरच आहे. माझी विनंती आहे की बाईलाही विचारा. नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसवून, नर्सबाईंना जवळ ठेवून विचारा. पहिल्या भेटीत ती सांगणार नाही. दुसऱ्या भेटीत सांगेल.

आता मागण्या. पहिली आणि सगळ्यांत मोठी मागणी कागदाची आहे. डिस्चार्जच्या कागदावर मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहा : ‘गर्भपिशवी काढली. उजवा अंडाशय ठेवला / काढला. डावा अंडाशय ठेवला / काढला. कारण :’ एवढंच. याला खर्च नाही, कायदा लागत नाही, शिक्का बनवून घेतला तर वेळही लागत नाही. बीडची बाई पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कर्नाटकात बेळगावकडे असते. तिथल्या डॉक्टरला तिची फाइल दिसत नाही, दिसतो तो हाच कागद. आणि तिच्या घरात आता दहावी-बारावी झालेली मुलं आहेत. मराठीत लिहिलेलं ती वाचून दाखवतील. आमच्या शाळेच्या हंगामी वसतिगृहात आई-बाप फडावर असताना राहणारी पोरं मी वर्षानुवर्षं सांभाळली आहेत. त्यांना वाचता येतं, वाचायला काही तरी द्या.

दुसरी मागणी, निरोगी अंडाशयांना हात लावू नका. गाठ आहे, कॅन्सरची शंका आहे, घराण्यात स्तनाचा-अंडाशयाचा कॅन्सर आहे, तर प्रश्नच नाही, तो निर्णय तुमचा. पण ‘पोट उघडलंच आहे तर काढून टाकू, पुढची कटकट नको’ हे कारण पस्तिशीच्या बाईला लावू नका. अंडाशय ठेवले तरी पिशवी काढल्यावर ते काही वर्षं आधी थकू शकतात. मग काढल्यावर काय होत असेल? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अशा बायकांचा कित्येक वर्षं मागोवा घेतला. २००६ साली त्यांनी लिहिलं की ४५ च्या आत दोन्ही अंडाशय काढलेल्या आणि इस्ट्रोजेन न मिळालेल्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि पुढच्याच वर्षी लिहिलं की लवकर अंडाशय गेलेल्या बायकांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त दिसला. आपल्याकडे हाडं, हृदय आणि डोकं या तिन्हींच्या जोरावर जिचं पोट चालतं तिच्या बाबतीत हा जुगार कुणी खेळू नये. संमतीपत्रावर अंडाशयासाठी वेगळा रकाना आणि वेगळी सही घ्या.

तिसरी मागणी त्या बायकांसाठी, ज्यांचं होऊन गेलं आहे. १३,८६१ हा आकडा फायलीत आहे, पण त्या बाया गावात आहेत, नावापत्त्यासह मोजलेल्या. त्यांना परत बोलवा. कागद बघा. ज्यांचे दोन्ही अंडाशय ४५ च्या आत गेले आणि स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गाठ असं काही आड येत नाही, त्यांना पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, ही जगभरातल्या तज्ज्ञांची शिफारस आहे. पिशवी नसल्यानं त्यांना दुसरं संप्रेरक जोडीला सहसा लागतही नाही. माझ्या जावेला ते २०२३ मध्ये सुरू झालं. दीड महिन्यात वाफा थांबल्या. बारा वर्षांनी ती रात्रभर झोपली तेव्हा सकाळी उठवायला गेलेली मुलगी घाबरली होती. हाडांची घनता मोजायला मात्र आम्हाला संभाजीनगर गाठावं लागलं. अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी म्हणून उभं राहिलेलं एवढं जुनं वैद्यकीय महाविद्यालय आहे, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. तिथे आठवड्यातून एक दिवस फक्त या बायकांसाठी राखता येईल का? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळानं येण्या-जाण्याचा आणि तपासणीचा खर्च उचलावा, असं पत्र तुमच्या संघटनेनं दिलं तर त्याला माझ्यासारखीच्या पत्रापेक्षा वजन येईल.

आणि टेस्टोस्टेरॉन? ते या बायकांना सरसकट द्या असं मी म्हणत नाही, हे मुद्दाम लिहिते. आमचा जिल्हा २०१९ मध्ये गाजत होता त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जगातल्या अनेक नामवंत वैद्यकीय संस्थांनी मिळून एक निवेदन काढलं. त्यात म्हटलं आहे की पाळी गेलेल्या बाईला टेस्टोस्टेरॉन देण्याचं पुराव्यानं सिद्ध झालेलं कारण एकच, इच्छा मरणं आणि त्याचा तिला स्वतःला त्रास होणं. थकवा, उदासी, सांधेदुखी, हाडं यांसाठी तो पुरावा नाही. रक्तातल्या आकड्यावरून निदानही करायचं नाही, कारण बाईतलं प्रमाण इतकं कमी असतं की नेहमीच्या लॅबच्या पद्धतीला ते नीट मोजता येत नाही. म्हणून लॅबचालकांना विनंती, ‘महिला हार्मोन पॅकेज’ म्हणून हा आकडा विकू नका. आणि पुरुषांसाठी बनवलेलं इंजेक्शन बाईला देऊ नका, आवाज घोगरा होतो तो पुन्हा मूळचा होईलच असं नाही.

आता पुरुषांचं. भाऊजींचा किस्सा सांगितलाच. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, दुपारनंतर उतरतं, जेवल्यावर उतरतं. म्हणून सकाळी, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी मोजल्याशिवाय कमी म्हणू नये, हे तुमच्याच पुस्तकातलं आहे. २०१० साली युरोपातल्या आठ केंद्रांवर चाळीस ते एकोणऐंशी वयाच्या तीन हजारांवर पुरुषांची पाहणी छापून आली. लक्षणंही आहेत आणि आकडाही खरोखर कमी आहे असे किती निघाले? शंभरात दोन. मग आपल्याकडे दर दुसरा चाळिशीचा माणूस ‘ताकद’ कमी झाली म्हणून पुडी, कॅप्सूल, इंजेक्शन घेत का फिरतो?

इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. २००२ साली अमेरिका, काँगो, नेपाळ आणि पॅराग्वे इथल्या पुरुषांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन मोजून तुलना केली गेली. फरक मोठा होता तो तरुणांमध्ये. अमेरिकी तरुणाचं सगळ्यांत चढं. म्हातारपणी मात्र सगळे जवळ जवळ आले. म्हणजे ज्याला आपण वयाचा उतार म्हणतो तो भरपूर खाणाऱ्या, बसून काम करणाऱ्या देशात जास्त तीव्र दिसतो, कारण तिथे तरुणपणीचा चढच मोठा असतो. अर्धपोटी राबणाऱ्या माणसाचं मुळातच कमी असतं आणि त्या मानानं उतरतंही कमी. बाहेरच्या देशातली फूटपट्टी घेऊन उसाच्या फडातला माणूस मोजायला निघालो तर तो आजारीच दिसणार.

तोच माणूस रात्री किती झोपतो, ते विचारा. शिकागोत २०११ साली तरुण निरोगी मुलांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के घसरलं. आमच्या टोळ्या पाच-सहा महिने असंच झोपतात. गाडी भरायला रात्री अकराला उठायचं आणि पहाटे पुन्हा फडात. त्यात साखर, दारू, कंबरदुखीच्या गोळ्या. हे प्रश्न विचारायला दहा मिनिटं लागतात आणि इंजेक्शन द्यायला एक, हे मला कळतं. पण दिवसाला शंभर रुग्ण असले तरी ती दहा मिनिटं द्या. भाऊजींची साखर आता गोळीनं आटोक्यात आहे, वजन सावरतंय आणि त्यांना ते इंजेक्शन लागलं नाही.

ज्याला खरंच कमी आहे, अंडकोषाला मार लागलाय, पिट्युटरीचा आजार आहे, त्याला जरूर द्या. पण देताना सांगा. २०२३ मध्ये अमेरिकेत पाच हजारांवर पुरुषांवर झालेल्या चाचणीत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, तरी हृदयाचे ठोके बिघडणं आणि फुप्फुसात गाठ अडकणं जास्त दिसलं. पुढच्या वर्षी त्याच पुरुषांत हाडं मोडण्याचं प्रमाणही जास्त निघालं. आणि जिममध्ये जाणाऱ्या, लग्न ठरलेल्या पोरांना तर खास सांगा की या इंजेक्शननं शुक्रजंतू बनणं थांबतं. मूल होईना म्हणून पुढे बायकोलाच दवाखान्यात फिरवलं जातं, आणि तिची पिशवी तपासली जाते. चक्र तिथेच येतं.

मी तुमच्यावर चिडून लिहीत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. तेव्हाही गर्भलिंग तपासणीवरून बदनामी सगळ्या डॉक्टरांची झाली, आणि तेव्हाही तुमच्यातलेच कितीतरी जण शाळाशाळांत येऊन मुलींसाठी बोलले. आमच्या शाळेतही आले होते. मला तेही आठवतं. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, वर्तमानपत्राला नाही आणि पोलिसांनाही नाही. ज्या डॉक्टरबाईंनी पावतीच्या पाठीवर चित्र काढलं, त्याही तुमच्यातल्याच.

दसरा जवळ आला आहे. मुकादमाची उचल येऊन पडली. जाऊ आणि भाऊजी यंदाही जाणार, मुलीच्या लग्नाचं देणं आहे. तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत आता दोन कागद आहेत. एक तो जुना, चिकटपट्टी लावलेला, सहा अक्षरांचा. दुसरा नवा. त्यावर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी निळ्या पेनानं मराठीत लिहिलं आहे : ‘यांचे दोन्ही अंडाशय २०११ मध्ये काढले आहेत. इस्ट्रोजेनची गोळी बंद करू नये. पडल्यास हाडांचा एक्स-रे काढावा.’ तो तिला तोंडपाठ आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. वडवणी, जि. बीड